हिंगणघाट, जिल्हा वर्धा, मध्य प्रदेश

राज्य बदललं तेव्हा आमच्या हिंगणघाटातल्या पेंटरांची चंगळ झाली. वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला आणि कचेरीपासून किराणा दुकानापर्यंत जिथं म्हणून ‘मध्य प्रदेश’ लिहिलेलं होतं, तिथं रंगाचा डबा घेऊन माणसं शिडीवर चढली. एक पाटी मात्र तशीच राहिली. ती आमच्या घरमालकांच्या चाळीवर, स्टेशनच्या रस्त्याकडे तोंड करून होती. नगरपालिकेचा माणूस सांगून गेला, पोस्टमन सांगून गेला, मीही एकदा सांगून पाहिलं. घरमालक ढिम्म. गाव म्हणालं, म्हातारा सटकला. गावाचं हे मत तसं जुनंच होतं. पाटीमागची गोष्ट ठाऊक असलेली आम्ही चाळीतलीच माणसं होतो, आणि आम्हाला ती गावभर सांगावीशी वाटत नव्हती.

घरमालक रेल्वेत तिकीट तपासनीस होते. नोकरी संपल्यावर त्यांनी स्टेशनजवळ चाळ बांधली. पुढच्या बाजूला विटांच्या खोल्या, त्यात माझ्यासारखे मास्तर आणि गिरणीतले कारकून. मागच्या बाजूला मातीच्या खोल्या, त्यात जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस वाहणारे आणि जंगलातून मोळ्या आणणारे. मधे विहीर. सारं गाव त्यांना टीसीसाहेब म्हणायचं. बायको लवकर वारलेली, मूलबाळ नाही. मे महिन्यात इथली कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसतात, तेव्हा हा गृहस्थ धोतरावर रेल्वेचा काळा कोट चढवून फिरायचा. कोणाच्याही दारावर थाप मारून ‘तिकीट?’ म्हणायचं, ही त्यांची हाक. आतून ‘हाय जी’ असं उत्तर आलं की पुढं जायचे.

मी खोली मागायला गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही. माझ्या मागं रस्त्यावर बघत विचारलं, “सोडाले कोन आलं तुले?”

“कोणी नाही. मी एकटाच आलोय.”

“काऊन? घरी कोनी नाई?”

“आहेत की. आईवडील सेलूला आहेत.”

“मंग बापाले घेऊन येजो. मंगच खोली भेटन.”

मी बी.ए. झालेला माणूस! संताप आला. पण गावात दुसरी खोली मिळेना, तेव्हा झक मारत वडिलांना आणलं. टीसीसाहेबांनी त्यांना चहा पाजला आणि घटकाभर उलटतपासणी घेतली. सेलूचा तलाव कुठं, बाजार कुठं, शाळेच्या हेडमास्तरांचं नाव काय. मग किल्ली माझ्या हातात दिली. वडील जाताना म्हणाले, माणूस विक्षिप्त आहे, पण इथं राहा. ते असं का म्हणाले, हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

टीसीसाहेबांना एकच वेड होतं. चाळीतली कोणतीही मुलगी चाळीबाहेर पडली की ती कोणाबरोबर चालली, कुठं चालली आणि तिकडं तिला घ्यायला कोण येणार, हे त्यांना कळलं पाहिजे. दिवेलागणीला ते ओट्यावर बसायचे आणि पोरींना समोर उभं करायचे. नाव? बापाचं नाव? राहणार? मग सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, “टीसीची चाळ, टेशनच्या रस्त्यावर, हिंगणघाट, जिल्हा वर्धा, मध्य प्रदेश!” न चुकता म्हटलं की रेवडी. पोरगे हात पुढं करायचे, तर त्यांना पिटाळत म्हणत, “तुमाले कोन नेते बे? पया!”

मागच्या खोल्यांतल्या सुकरूची मुलगी फुली हा पत्ता चालीवर म्हणायची. सुकरू गोंड. गिरडकडच्या जंगलातून इकडं आलेला, थंडीत जिनात काम करायचा, एरवी मोळ्या विकायचा. घरात त्यांची आपली बोली चालायची, आमच्याशी आमची. फुलीनं टीसीसाहेबांचा पत्ता घेतला आणि तिच्या आईच्या जात्यावरच्या कसल्याशा चालीत बसवला. ‘मध्य प्रदेश’वर ती असा काही हेल काढायची की टीसीसाहेबांच्या कपाळाची आठी मोडायची. ते तिला दोन रेवड्या द्यायचे. बाकीच्या पोरी कटकट करायच्या.

पोरींना पत्ता, तसा आईबापांना उपदेश. बाजाराच्या दिवशी मागच्या खोल्यांतली माणसं घरी असायची, तेव्हा टीसीसाहेब विहिरीच्या कठड्यावर चढून बोलायचे. तिसऱ्या भेटीत तुमाले भाऊ म्हनते, त्याच्यापासून दूर राहा. ज्याले लगनाची घाई हाय, त्याले इचारा, गाडी सुटून राह्यली का बाप्पा तुयी? चार मानसं संग येतो म्हनलं अन त्याचं तोंड उतरलं, त समजून जा. पण मुख्य भर पाण्यावर. आमच्याकडे सोयऱ्याच्या घरचं पाणी प्यालं की सोयरीक पक्की समजतात. टीसीसाहेबांनी त्याच रीतीला आपलं कलम लावलं होतं.

“पोरगी द्याची असन त पह्यले तेच्या गावी जा. पानी पे. पन घरातलं नोको पेऊ. इहिरीवर जा, सोता दोर सोड, सोता काढ. घरात मानूस तयारी करून बसते. इहिरीवर कोनी तयारी करून नाई येत. तिथी बाया येते. एकीले इचार, हा पोट्टा कोनाचा?”

लोक ऐकायचे आणि हसायचे. मीही हसायचो. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचं वेड पाहून करमणूक होते, तसं.

एकदा या वेडानं घात केला. पुढच्या खोलीतल्या एका गिरणी कारकुनाच्या मुलीला पाहायला तळेगावचे लोक आले. टीसीसाहेब आमंत्रण नसताना जाऊन बसले आणि नवऱ्या मुलाला विचारलं, “तुमच्या बाजारात बैल कोन्या अंगाले बसते?” मुलगा आधीच घामाघूम. त्यानं काहीतरी उत्तर दिलं. टीसीसाहेब उठून उभे राहिले आणि खटल्याचा निकाल सांगावा तसे गरजले, “हा तळेगावचा नाईच!” मुलाच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, टोपी घातली, आणि सगळे उठून गेले. मुलगा तळेगावचाच होता. पुलगावला नोकरीला असल्यामुळं कित्येक वर्षांत बाजारात गेला नव्हता, इतकंच. त्या मुलीची आई पुढं टीसीसाहेबांना पाहिलं की पदर ओढून तोंड फिरवायची. चाळीनं ठरवून टाकलं की सोयरिकीच्या बोलण्यात म्हाताऱ्याला फिरकू द्यायचं नाही. हे ठरवणाऱ्यांत आम्ही सगळेच होतो. आणि खरं सांगायचं तर चूक कोणाचीच नव्हती.

यश म्हणावं असं मी एकदाच पाहिलं. रोज दुपारी उत्तरेकडं जाणाऱ्या गाडीच्या वेळेला ते फलाटावर चक्कर मारायचे. जुना नोकर म्हणून कोणी अडवत नसे. एकदा मी बरोबर होतो. एक बाई दोन मुलींना घेऊन उभी होती. मुलींच्या अंगावर कोरी लुगडी, घड्या न मोडलेली. टीसीसाहेबांनी मोठीला विचारलं, “कुठी चालली वं?” मुलीनं त्या बाईकडं पाहिलं. धाकटीला विचारलं, तिनंही बाईकडंच पाहिलं. टीसीसाहेब त्यांच्या बोचक्यावर बसले. बाईनं आरडाओरडा केला, माणसं जमली, स्टेशनमास्तर आले, गाडी आली आणि गेली. म्हातारा बोचक्यावरून हलला नाही. बाई गर्दीतून कधी सटकली, कळलंही नाही.

मुलींचा बाप समुद्रपूरकडचा होता. निरोप मिळाल्यावर आला आणि टीसीसाहेबांवरच चिडला. “घरकामाले नेऊन राह्यली होती बाई. पोटाले भेटलं असतं पोरीईले. तुमी देता का खाले?” पुढच्या वर्षी त्यातली मोठी पुन्हा गेली. या खेपेला वर्ध्याहून, म्हणजे म्हाताऱ्याच्या फलाटावरून नव्हे. हे कळलं त्या दिवशी त्यांनी स्वैपाक केला नाही.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी मला एकदा तापात सांगितलं. मी कपाळावर पट्ट्या ठेवत होतो. नोकरीत असताना इटारसीच्या पुढं एका डब्यात ते चढले होते. दोन पुरुष, एक बाई, आणि खिडकीशी एक मुलगी. त्यांनी तिकिटं मागितली. ती मुलगी त्यांच्याकडं बघत राहिली. काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

“तिकिटं बराबर होती, मास्तर. स्टेशन बराबर, तारीख बराबर. मी पंच केली अन पुढच्या डब्यात गेलो. मले तिकीटच पाह्यता येत होतं ना.” मग भिंतीकडं तोंड करून म्हणाले, “ते मले काय सांगून राह्यली होती, मले समजलं होतं. नाई समजलं असं नाई.”

फुलीची सोयरीक आली ती बांगडीवालीकडून. ही बाई मागच्या खोल्यांत बांगड्या भरायला यायची. सुकरूच्या बायकोशी तिनं धर्माच्या बहिणीचं नातं जोडलं. मग एकदा म्हणाली, इटारसीच्या पलीकडं आपल्याच लोकांचं एक घर आहे, मुलगा जंगल डेपोत कामाला, शेती आहे, काही मागत नाहीत, उलट रीतीप्रमाणं देज देतील. देज म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायचं; सुकरूकडं तीच रीत होती, त्यामुळं त्यात त्याला काही वावगं दिसलं नाही. मुलाकडची म्हणवणारी माणसं आली. ती सुकरूशी त्यांच्या बोलीत बोलली. या गावात सुकरूच्या बायकोशी तिच्या भाषेत कोणी परकं माणूस बोललं, ते बहुधा पहिल्यांदाच. ती दिवसभर त्या लोकांभोवती हसत फिरत होती. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

टीसीसाहेबांना त्यांनी बैठकीला बोलावलं नाही. तळेगावची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात होती. पण सुकरूला म्हाताऱ्याचा मान होता. तो येऊन म्हणाला, “तुमी नोका येऊ जी. मी जातो. तुमी सांगतलं तसं घर पाहून येतो.” टीसीसाहेबांनी पास काढून देतो म्हटलं, बरोबर येतो म्हटलं, ओट्यावर काठी आपटली. सुकरू हात जोडून उभा राहिला. शेवटी टीसीसाहेबच म्हणाले, “पानी पेऊन येजो, सुकरू. इहिरीवर जाजो.”

सुकरू गेला आणि आला. चांगलं घर, अंगणात आंबा, गोठ्यात गाय. टीसीसाहेब दारातच उभे होते.

“पेला पानी?”

“पेलो जी. पोटभर पेलो.”

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते मी विसरू शकत नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं कोणी ऐकलं होतं. त्यांनी घरातून आपली रेल्वेतली पत्र्याची पेटी काढली, घासूनपुसून फुलीला दिली. वैशाखात लग्न झालं. स्टेशनवर आम्ही सगळे गेलो. गाडी सुटायच्या आधी त्यांनी खिडकीशी जाऊन म्हटलं, “तिकीट?” फुली रडता रडता हसली आणि तिनं सगळा पत्ता म्हटला, त्याच चालीत, शेवटचा हेल काढून. डब्यातले लोक बघत राहिले. टीसीसाहेबांनी खिशातल्या सगळ्या रेवड्या तिच्या ओच्यात टाकल्या.

नागपंचमीला सुकरू तिला माहेरी आणायला गेला. नव्या लेकीला पहिल्या सणाला आणायची रीतच आहे. घराला कुलूप होतं. शेजारी विचारलं तर कोणाला काही माहीत नव्हतं, किंवा त्याच्या तुटक्या हिंदीला कोणी दाद दिली नाही. तो परत आला आणि टीसीसाहेबांच्या ओट्याखाली मातीत बसला. बांगडीवाली तर लग्नानंतर दिसलीच नव्हती.

टीसीसाहेबांनी एकच विचारलं, “पानी कोनं काढलं होतं?”

सुकरूला प्रश्न कळला नाही. मग कळला.

“त्याईनं पाट टाकला जी. लोट्यानं पानी देल्लं. जोहार केला. आपल्या बोलीत बोलून राह्यले. मी उठून इहिरीवर कसा जाऊ? त्याईले काय वाटलं असतं, याले आमच्या हातचं पानी चालत नाई?” मग पुढच्या खोल्यांकडं न पाहता तो हळूच म्हणाला, “लोक आपल्यासंग असं करते, ते आपल्याले मालूम हाय. आपनच आपल्या सोयऱ्यासंग कसं करावं?”

पुढच्या खोल्यांतलं एकही माणूस सुकरूच्या घरचं पाणी पीत नव्हतं. टीसीसाहेब नव्हते पीत, मी नव्हतो पीत. विहीर एकच होती, हात वेगळे होते. आमच्यासारख्याला सोयऱ्याच्या दारात उठून विहिरीवर जाणं अवघड नाही. सुकरूला ते जमणार नव्हतं, आणि एवढी साधी गोष्ट उपदेश करणाऱ्याच्या ध्यानात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी टीसीसाहेब काळा कोट घालून निघाले. पोळा गेला, गणपती गेले, दसऱ्याच्या सुमारास परतले. कुठं कुठं फिरले, ते धड कधी सांगितलं नाही. पोलिसांत गेले होते. तिथं त्यांना विचारलं गेलं, आईबापानं राजीखुशीनं लग्न लावून दिलं, मग गुन्हा काय? मुलीचा फोटो नव्हता. नवऱ्याचं खरं नाव कोणाला माहीत नव्हतं. त्या गावात मात्र ते विहिरीवर गेले होते. एक बाई पाणी ओढत होती. तिनं लगेच सांगितलं, ते घर भाड्यानं दिलेलं होतं, कसल्याशा लग्नासाठी म्हणून घेतलं होतं, थोडे दिवस राहून लोक निघून गेले.

“पह्यलीच बाई, मास्तर,” ते मला म्हणत राहिले. “दुसरीले इचाराची गरजच नाई पडली. पह्यल्याच बाईनं सांगतलं.”

ते परतले ती दुपार माझ्या डोळ्यांपुढं आहे. स्टेशनवरून एकटेच चालत आले आणि विहिरीच्या कठड्यापाशी बसले. कोट मळलेला, गाल आत गेलेले. बरोबर फुली नव्हती, यावरूनच सगळ्यांना सगळं समजलं. सुकरू आपल्या दारात उभा राहिला, पुढं आला नाही. त्याची बायको उठली. तिनं बादली सोडली, पाणी काढलं, लोटा भरला आणि टीसीसाहेबांसमोर धरला. प्रवासातून आलेल्या माणसाला आपल्याकडं पाणी देतात, तेवढंच तिनं केलं.

ते हात पुढं करेनात. तिला वाटलं, ते नेहमीसारखं घेणार नाहीत.

“प्या जी,” ती म्हणाली. “आपल्याच इहिरीचं हाय. म्या काढलं तुमच्यापुढं.”

तिच्या मनात टोमणा नव्हता. तोच तर त्रास होता. टीसीसाहेबांनी लोटा घेतला आणि ते सगळं पाणी प्यायले. ते रडतात, हे मला आवाजावरून कळलं. मी दुसरीकडं बघत होतो.

त्यानंतर त्यांनी उपदेश केला नाही. पोरींची रांग बंद झाली. दुपारच्या गाडीला जाणं सुटलं. उत्तरेकडून येणाऱ्या गाडीला मात्र जाऊ लागले, आणि सुकरू त्यांच्या मागं थोडं अंतर ठेवून जायचा. दोघं बोलत नसत. गाडी रिकामी झाली की परत यायचे. त्याच दिवसांत त्यांनी पेंटरला बोलावून ती पाटी रंगवून घेतली. टीसीची चाळ, टेशनच्या रस्त्यावर, हिंगणघाट, जिल्हा वर्धा, मध्य प्रदेश. अक्षर एवढं मोठं की रस्त्यावरच्या टांग्यातून दिसावं.

आणि मग राज्यच बदललं.

मी एकदा समजावायला गेलो, ते तेव्हाच. म्हटलं, टीसीसाहेब, मध्य प्रदेश आता इथं राहिलाच नाही, पाटी चुकीची झालीय. ते माझ्यावर असे ओरडले की मागच्या खोल्यांतली माणसं बाहेर आली.

“तिकडं पोरगी काय सांगून राह्यली असन? कोनाले सांगतलं तिनं, मुंबई राज्य झालं म्हनून? ते मध्य प्रदेशच सांगन ना!”

माझ्या मागं शिडी घेऊन आलेला पेंटर माझ्याकडं पाहत होता, मी जमिनीकडं. टीसीसाहेब आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

सुकरू तिथंच उभा होता. त्याला वाचता येत नव्हतं. तो पाटीकडं मान वर करून बराच वेळ बघत राहिला आणि मग मला म्हणाला, “मास्तर, फुली म्हने, तेच लिवलं हाय ना हे? सगळं? शेवटचं बी?”

“हो,” मी म्हटलं. “सगळं आहे. शेवटचंही.”

“मंग राहू द्या जी,” तो पेंटरला म्हणाला, आणि त्याची शिडी उचलायला त्यानं हात लावला.